बांगडीची टिक

१

रेकॉर्ड संपली. सुई मधल्या कोऱ्या पट्ट्यावर नुसतीच फिरत राहिली आणि बंडोपंत खुर्चीतून उठून म्हणाले, "टिक आली नाही."

नमिता तेव्हा दारात चपला काढत होती. दळण आणण्यात उशीर झालेला. ती आत आली तर सगळे घामाघूम होऊन गप्प बसलेले. घामाचं काही नवल नव्हतं. वर्धेचा एप्रिल असला तरी रविवारी बंडोपंतांकडे जॅझ लागलं की कूलर बंद, पंखाही बंद. वाऱ्याच्या घरघरीने झांजेचा आवाज मळतो, असं त्यांचं म्हणणं. पण आजची शांतता निराळी होती.

"ही माझी रेकॉर्ड नाही," बंडोपंत म्हणाले. "सदाशिव, माझी कुठे आहे?"

सदाशिवराव वडनेरचे, सरकी-ढेपेचे, म्हणजे गुरांच्या खाद्याचे, व्यापारी. बंडोपंत टेलिफोन खात्यात होते तेव्हापासूनची दोस्ती. त्यांच्या हातातली कोथिंबिरीची सांबारवडी तशीच राहिली.

"म्हंजे? मजाक करून राह्यला का तू?"

"आठवडाभर तुझ्याकडे होती. आज तूच आणून दिलीस."

वर्धेला लागून असलेल्या बोरगाव मेघेत या मंडळींना लोक 'तबकडीवाले' म्हणत. एकच रेकॉर्ड, पण अमेरिकेत छापलेली वेगळी वाजते, जपानातली वेगळी आणि कलकत्त्याची आणखी वेगळी. या छापांना ते प्रेसिंग म्हणत. मशीनकडे पाठ करून बसायचं, एकाने कुठलीही लावायची आणि बाकीच्यांनी आवाजावरून ओळखायची. पियानो, बास आणि ड्रम वाजवणाऱ्या तीन अमेरिकनांची एक जुनी रेकॉर्ड तर त्यांनी इतक्यांदा ऐकली होती, की ते तिघे मेघे वस्तीतच राहत असावेत असं वाटावं. बंडोपंतांकडे तिचं पहिलं अमेरिकन प्रेसिंग होतं. सदाशिवरावांकडे त्याच कंपनीचं नंतरचं, झिजल्या साच्यातून काढलेलं. कव्हर तेच आणि लेबलही तेच. फरक ऐकूनच कळायचा.

पण बंडोपंतांच्या रेकॉर्डवर एक खूण होती. लग्नाच्या वर्षी माणिककाकूंनी ती पुसायला घेतली आणि हातातली बांगडी घासली. तेव्हापासून शेवटच्या संथ गाण्यात, ड्रमवाला झांजेवर तारांचा ब्रश फिरवतो तिथे, अगदी बारीक टिक यायची. नव्या नवरीवर तेव्हा बंडोपंत भरपूर संतापले होते म्हणतात. पुढे मात्र त्या टिकेला ते 'माणिकची सही' म्हणू लागले. ती आली की उजव्या हाताचं बोट वर करायचं, मग हसायचं. दुनिया इकडची तिकडे होवो, ते बोट वर व्हायचंच.

आज ते झालं नव्हतं.

"आली न टिक! म्या ऐकली," सदाशिवराव म्हणाले.

"तू तर ऐकणारच."

अभिराम, बँकेत नोकरी करणारा आणि फावल्या वेळात मशीन दुरुस्त करणारा तरुण गडी, शेवटच्या गाण्याआधीच फोन आला म्हणून ओसरीवर गेला होता. माणिककाकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. बंडोपंतांनी त्यांच्याकडे पाहिलं. "तू सांग माणिक. आली?"

माणिककाकू आत निघून गेल्या.

सदाशिवरावांनी सांबारवडी ताटलीत ठेवली. "चाळीस वर्सं तुह्या दारी येऊन राह्यलो बंडू. आज चोर झालो. आता तू बलावशीन तरी येनार नाई." त्यांची गाडी वळली तेव्हा बंडोपंत रेकॉर्ड फडक्यात गुंडाळत होते. "माझी परत येईपर्यंत हे मशीन बंद," ते म्हणाले.

२

नमिता ज्युनियर कॉलेजात केमिस्ट्री शिकवायची. कॉलनीतल्या पाण्याच्या मोटारीचा चोर तिने शोधून काढला होता, तेव्हापासून कुणाचं काही हरवलं की लोक तिच्याकडे येत. यावेळी कुणी आलं नाही, तीच गेली. वडिलांच्या मागे तिला या घरी रविवारची खुर्ची मिळाली होती. ती बैठक मोडली असती तर तिला परत पोरकं वाटलं असतं, हे तिने स्वतःशी कबूल केलं.

सोमवारी संध्याकाळी बंडोपंत तिला सगळं समजावून सांगत होते. "पहिल्या प्रेसिंगमध्ये ब्रश झांजेवर फिरला की तांदूळ पाखडल्यासारखं ऐकू येतं, नमू. काल सगळ्यावर गोधडी टाकल्यासारखं होतं. जपानी लावली, तीही तशीच. माझं मनच उडालं असेल, म्हणून जपानीचं सोड. पण टिक? टिक कुठे जाईल?"

तेवढ्यात वीज गेली आणि कोपऱ्यातला इन्व्हर्टर बारीक आवाजात 'टी टी' करून ओरडू लागला. बंडोपंत बोलतच राहिले. शेवटी नमिताच उठली आणि तिने त्याचं बटण दाबलं. मनाला एवढं लागलं आहे म्हणून त्यांचं लक्ष नाही, असं तिला वाटलं.

"मला मशीन लावून दाखवता?"

"नाही. पण रेकॉर्ड ने हवं तर. मला ती डोळ्यांसमोर नकोच." मग आवाज खाली आणून म्हणाले, "रेकॉर्डचं दुःख नाही गं. तिची सही होती ती. आणि सदाशिवने ती न्यावी?"

चहा न्यायला नमिता स्वयंपाकघरात गेली. माणिककाकू गॅसपाशी उभ्या होत्या. गॅसच्या बटणाशेजारी नेलपॉलिशचा लाल ठिपका होता. दूध किती आचेवर ठेवायचं त्याची खूण. कूलरच्या रेग्युलेटरवरही तसाच. काकूंनी आयुष्यात कधी नखं रंगवली नव्हती, पण चष्म्याशिवाय दिसावं म्हणून घरभर हे ठिपके दिलेले.

"काकू, तुम्ही ऐकलीत ना टिक?"

काकूंनी गॅस बारीक केला, बरोबर ठिपक्यावर. "नमू, राहू दे न हे. नोको शोधू."

"काऊन?"

"तुले सापडलं न, तर लय वाईट होईन बाई."

३

मंगळवारी कॉलेज आटोपून नमिता वडनेरला गेली. सदाशिवराव दुकानात ढेपेच्या पोत्यांना टेकून बसले होते. दोन दिवसांत माणूस ओसरला होता.

"ये बेटा. झडती घ्याले आली का?"

"चहा घ्यायला आले, सदाशिवकाका."

त्यांनी आत नेलं. फळीवर त्यांची रेकॉर्ड होती, ती नंतरच्या प्रेसिंगची. "हे पाय. माही माह्यापाशीच आहे. त्याची म्या आठ दिस देवघराच्या फळीवर ठेवली. उन नाई लागलं पाह्यजे म्हनून. वाजवली फक्त एकदा, तेही हात धुऊन."

नमिताने बंडोपंतांकडून आणलेली रेकॉर्ड पिशवीतून काढली आणि दोन्ही शेजारी धरल्या. दिसायला सारख्या. सदाशिवरावांनी मालच बदलला असता तर फळीवरची ही अस्सल असायला हवी होती, आणि ती कुणी अशी समोर ठेवत नाही. किंवा समोर ठेवणं हीच लपवायची युक्ती. पण देवघराच्या फळीवर हात धुऊन ठेवणारा माणूस लपवणाऱ्यातला वाटत नव्हता. अर्थात नमिताने वाटण्यावर कधी निकाल दिला नव्हता.

"रविवारी आवाज कसा वाटला तुम्हाला?"

"मजा सांगू?" ते जरा खुलले. "गेलं सालभर मी दाराजवळ बसत होतो, आठवते? काऊन की त्याच्या मशीनचा आवाज कानाले टोचे. झांज वाजली की दातात खडा आल्यासारखं व्हाचं. बंडूले वाईट वाटीन म्हनून बोल्लो नाई. अन या रईवारी पाय, असा गोड आवाज आला! म्हन्लं, चला, मशीन सुधरलं. तर हा म्हन्ते चोर." त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी ते खुशाल उपरण्याने पुसले.

परतीच्या बसमध्ये नमिता त्या एकाच गोष्टीभोवती फिरत राहिली. बंडोपंतांना आवाजावर गोधडी पडल्यासारखं वाटलं आणि सदाशिवरावांना तोच आवाज गोड झालेला. रेकॉर्ड तीच, खोली तीच. शिवाय हलकी रेकॉर्ड ठेवली असती तर जपानी कशाला बिघडेल? तिला तर कुणी हातही लावला नव्हता.

दोघांपैकी एकजण खोटं बोलत होता. किंवा दोघंही खरं बोलत होते, आणि ते जास्त भीतीदायक होतं. नमिता घरी न जाता थेट अभिरामकडे उतरली.

४

अभिरामने आपल्या मशीनवर रेकॉर्ड चढवली. त्याने पंखा बंद केला. ही सवय आता सगळ्यांच्या अंगात मुरलेली.

शेवटचं गाणं सुरू झालं. पियानो अडखळत, कुणाला जागं न करता चालल्यासारखा पुढे सरकत होता. मग झांजेवर ब्रश फिरला. तांदूळ पाखडले गेले.

टिक.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. अभिरामने सुई उचलून मागे नेली. पुन्हा तीच जागा, पुन्हा टिक. नमिताने डोळे मिटले. वडिलांबरोबर पहिल्यांदा त्या खोलीत बसली होती तेव्हा ऐकलेली हीच ती.

"म्हणजे रेकॉर्ड काकांचीच आहे," अभिराम म्हणाला. "मग काका असं का..."

"अभिराम, रविवारी तुला आवाज कसा वाटला होता?"

"मस्त! खरं तर मला माझाच अभिमान वाटत होता. गेलं वर्षभर तिथे सगळंच चरचरीत वाजायचं. मी दोनदा सुई बदलून दिली, काही फरक नाही. मग शुक्रवारी काकांनी बोलावलं, बटणं खरखर करतात म्हणाले. मी औषध मारून सगळी बटणं साफ केली."

"माणिककाकू होत्या घरी?"

"नाही, हिंगणीला बहिणीकडे गेल्या होत्या. रविवारी सकाळी आल्या."

"आवाजाच्या बटणाशिवाय ती झाकणाखालची बटणंही साफ केलीस?"

बंडोपंतांच्या मशीनवर आवाज लहान-मोठा करायच्या बटणाशेजारी खर्ज आणि तीव्र स्वरांची, म्हणजे बास आणि ट्रेबलची, दोन बटणं होती. ती दोन्ही कायम मध्यावर. प्रेसिंगची तुलना करायची तर मशीनने स्वतःची मतं मांडायची नाहीत, असा बंडोपंतांचा दंडक. कुणाला मोह होऊ नये म्हणून त्यांनी सुताराकडून त्या बटणांवर लाकडी झाकण बसवून घेतलं होतं. ते स्वतःही कधी उघडत नसत.

"तुम्हाला म्हणून सांगतो," अभिराम शेवटी म्हणाला. "तीव्र स्वरांचं बटण पार उजवीकडे फिरलेलं होतं. मला वाटलं पुसताना काकूंचा हात लागला असेल. काकांना सांगितलं असतं तर काकूंवर चिडले असते. म्हणून गुपचूप मध्यावर आणून ठेवलं. चुकलं का माझं?"

नमिताने रेकॉर्ड कव्हरात सरकवली. इन्व्हर्टर ओरडत असताना बंडोपंत कसे बोलत राहिले होते, ते तिला आता आठवलं. लक्ष नसल्यामुळे नव्हे; तो बारीक आवाज त्यांना ऐकूच येत नव्हता.

५

बुधवारी बंडोपंत पेन्शनच्या कामाला बाहेर पडले ते बघूनच नमिता गेली. माणिककाकूंनी दार उघडलं आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून बाजूला झाल्या.

नमिताने मशीनवरचं झाकण उचललं. मध्यावर असलेल्या तीव्र स्वरांच्या बटणाभोवती, उजव्या बाजूला, नेलपॉलिशचे लाल ठिपके ओळीने चढत गेले होते. पहिला फिका पडलेला, शेवटचा अजून चकचकीत.

"काकू, कधीपासून?"

काकू सोफ्याच्या कडेला टेकल्या. रडतील असं वाटलं होतं, पण त्या हसल्या, दमलेलं हसू. "मागच्या सालच्या पाडव्याच्या टायमाले. एका रईवारी बोट नाई उठलं यांचं. सगळे गेले तं मले म्हन्ते, माणिक, मला डुलकी लागली वाटते, तुझी सही हुकली. पन झोपले नव्हते गं ते. मी पाह्यत होतो न दारातून. डोये उघडे होते."

"मग?"

"मले त्यातलं काय समजते? पुसता पुसता एक दिस झाकन उघडलं, बटन फिरलं, अन आवाज कसा चमकला. म्हन्लं, थांब. रईवारी थोडंसं फिरवून ठेवलं. बोट उठलं बाई! मले एवढा आनंद झाला का सांबारवडी करपली." त्यांनी पदराने बटण पुसलं, धूळ नसताना. "मंग मी ध्यान ठेवो. बोट अर्धंच उठलं का पुढच्या ठिपक्यावर न्यायचं. ते बाजारात गेले का मी एकटी रेकॉर्ड लावून पाहो. जपानीले थोडं कमी लागते. कलकत्तावाली मुळातच जाडी वाजते, तिले जास्त. पन रईवारी सगळ्या एकाच बटनावर, मंग मी अमेरिकावाली धरून चालो."

नमिता बघतच राहिली. रविवारी ताटल्या भरणाऱ्या या बाईला कुणी कधी विचारलं नव्हतं, काकू, तुम्हाला कुठली आवडली? तिने स्वतःही नव्हतं विचारलं, आणि त्याची तिला लाज वाटली.

"मी हिंगणीहून आलो तं घाईत झाकन उघडूनच नाई पाह्यलं. अन शुकरवारी अभिरामनं बटनं साफ केली हे मले मागून समजलं. आता बटन फिरवून द्यावं तं हे मशीनच लावू देत नाईत." काकूंचा आवाज आता मात्र फुटला. "सदाशिवभाऊजीले चोर म्हन्ले त्या दिवशी मी बोल्लो नाई. बोल्लो असतो तं यायले सांगावं लागलं असतं का तुमचे कान चालले. ऐकन्याशिवाय काय राह्यलं गं या मानसापाशी? तूच सांग, मी काय करू?"

नवऱ्याचा भ्रम राखायचा तर मित्र जाणार. मित्र राखायचा तर भ्रम. नमिता काकूंच्या शेजारी बसून राहिली. बाहेर भाजीवाला ओरडत गेला.

मग काकू उठल्या आणि त्यांनी फोन हातात घेतला. "भाऊजी, मी माणिक बोलून राह्यलो. रईवारी येजा. तुमच्या दोस्तानं नाई, मी बलावलं म्हनून येजा."

६

सदाशिवराव आले आणि दाराजवळच उभे राहिले. बंडोपंतांनी मान फिरवली. अभिराम अपराध्यासारखा स्टुलावर बसला होता.

"काका," नमिता म्हणाली, "तुमची रेकॉर्ड कुणी बदलली नाही. हीच ती आहे. मी आणि अभिरामने टिक ऐकली, त्याच जागी. सदाशिवकाकांनीही ऐकली. शिवाय जपानी रेकॉर्ड घराबाहेर गेलीच नव्हती, तरी तीही तुम्हाला मळलेली वाटली. म्हणजे बदल रेकॉर्डमध्ये नव्हता. आणि त्या दिवशी बाकी सगळ्यांना आवाज सुधारलेला वाटला. बिघडला फक्त तुमच्यापुरता."

"म्हणजे?"

नमिताने काकूंकडे पाहिलं. पुढचं बोलायचा हक्क तिचा नव्हता.

माणिककाकूंनी झाकण उचललं. बंडोपंत उठून जवळ आले, चष्मा वर करून वाकले. ते लाल ठिपके त्यांनी गॅसवर पाहिले होते, कूलरवर पाहिले होते. घरात ते कुणाचे हे विचारायची गरज नव्हती.

"या बटणाला हात लावायचा नाही असं मी..." त्यांचा आवाज चढला आणि मध्येच थांबला. त्यांनी पहिल्या ठिपक्यावर बोट ठेवलं आणि हळूहळू शेवटच्या ठिपक्यापर्यंत नेलं. टेलिफोनच्या तारांमध्ये जन्म काढलेला माणूस. आपलं ऐकणं किती गेलं आहे, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही.

"वर्षभर?" त्यांनी विचारलं.

"हो."

"आणि मी या सगळ्यांना सांगत होतो, जपानीत काय आणि अमेरिकनमध्ये काय."

"बरोबरच सांगत होते तुमी," काकू म्हणाल्या. "मी ऐकलं न. बरोबरच होतं."

मग बंडोपंत दारापाशी गेले. सदाशिवरावांचा हात धरून त्यांनी त्यांना ओढतच आणलं आणि मधल्या, आपल्या स्वतःच्या खुर्चीत बसवलं.

"सदाशिव, मी गाढव आहे."

"ते तं चाळीस वर्सांपासून मालूम आहे बे," सदाशिवराव म्हणाले, आणि दोघंही म्हातारे एकदम हसले. दोघांच्या हसण्यात रडणंच जास्त होतं.

"कानाच्या डॉक्टरांकडे जाऊ काका," नमिता म्हणाली. "आता चांगली यंत्रं मिळतात."

"जाऊ. सदाशिवही येईल, त्याच्या गाडीत जाऊ." बंडोपंतांनी पंखा बंद केला. "आधी तुलना पुरी होऊ द्या. बटण मध्यावरच राहील. मशीनने मत मांडायचं नाही." मग ते स्वयंपाकघरात गेले आणि तिथली खुर्ची घेऊन आले. ती त्यांनी आपल्या शेजारी, मशीनकडे पाठ करून ठेवली. "माणिक, बस."

"मले काय समजते त्यातलं?"

"बस म्हटलं ना."

त्या हात पुसत बसल्या. अभिरामने तीन रेकॉर्डी खालीवर करून एक लावली. पियानोचे दोन सूरही झाले नसतील, काकू संकोचत म्हणाल्या, "हे जपानी आहे." दुसरीला म्हणाल्या, "कलकत्ता." दोन्ही बरोबर. अभिरामचं तोंड उघडंच राहिलं.

तिसरी लागली. शेवटचं गाणं आलं. बंडोपंतांनी डोळे मिटले नाहीत. ते बायकोकडे बघत बसले होते. ब्रश झांजेवर फिरत होता हे त्यांना आठवणीने माहीत होतं. त्यांच्या कानांपर्यंत आता फक्त बास पोचत होता, खालचा, सावकाश.

मग माणिककाकूंनी उजव्या हाताचं बोट वर केलं, आणि बंडोपंत हसले.